मावा जिवंत आहे, पण जेवतो आहे का?

‘मावा’ हा शब्द आपल्या नाशिकमध्ये तीन ठिकाणी तीन अर्थांनी ऐकू येतो. आमच्या घरी मावा म्हणजे दूध आटवून केलेला खवा. टपरीवर मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून बांधलेली पुडी. आणि शहराची हद्द ओलांडून निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे निघालात की मावा म्हणजे पानाच्या खालच्या बाजूला दाटीवाटीने बसलेली, मोहरीच्या दाण्याएवढीही नसलेली, हिरवी, पिवळी किंवा काळी कीड. आज मला या तिसऱ्या माव्याविषयी बोलायचे आहे. दुसऱ्या माव्याचा उल्लेखही पुढे येईल, कारण तंबाखूचे आणि या किडीचे वैर जुने आहे.

तुम्ही म्हणाल, मराठी घेऊन बी. ए. झालेल्या कवीने किडीवर का बोलावे? त्याला कारण आहे. आपण सगळेच भाजी खातो. ती भाजी पिकवताना माव्यावर जे फवारले जाते, त्याचा काही अंश आपल्या ताटात येऊ शकतो. तेव्हा मावा त्या फवाऱ्यानंतर काय करतो, हे शेतकऱ्याइतकेच आपल्यालाही ठाऊक असायला हवे. मी वाचले, जाणत्यांना विचारले, शेतात जाऊन पाहिले. त्यातून एक साधी गोष्ट ध्यानात आली आणि तीच आज सांगणार आहे. माव्यावर विष फवारले की मावा लगेच मरतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अनेकदा तो आधी वागणे बदलतो आणि मग मरतो. हे बदललेले वागणे आपल्याला वाचता आले नाही, तर एका फवारणीच्या जागी दोन होतात.

आधी माव्याचे घर-दार पाहू. आपल्याकडच्या हवामानात माव्याला नराची फारशी गरज पडत नाही. मादी एकटीच पिल्ले घालते. ती अंडी नव्हेत, चालती-फिरती पिल्ले, आणि तीही सगळ्या मुलीच. गंमत अशी, की आईच्या पोटात असतानाच या मुलींच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ वाढू लागलेले असतात. उबदार हवेत आठवडाभरात मुलगी आई होते. म्हणून तर दोन दिवस ढगाळ हवा राहिली आणि शेतकऱ्याने पिकाकडे पाठ फिरवली, की शेंडे माव्याने भरून जातात. पानावर गर्दी फार झाली की काही मुली पंख घेऊन जन्माला येतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन दुसरे शेत गाठतात.

माव्याचे जेवण मोठे नाजूक असते. त्याच्या तोंडाला केसाहून बारीक सुयांची जुडी असते. ती तो पानात खुपसतो आणि पेशींच्या मधल्या फटींतून वाट काढत आत नेतो. वाटेत इकडेतिकडे चव घेतो. आपली लाळ सोडतो, ती घट्ट होते आणि सुईभोवती नळीसारखे आवरण तयार होते. असे चाचपडत तो रसवाहिनीपर्यंत पोचतो. पानात तयार झालेली साखर झाडाच्या बाकीच्या भागाला पोचवणारी ही वाहिनी. त्यातला रस दाबाखाली असतो, म्हणून माव्याला तो फारसा ओढावाही लागत नाही. १९५३ साली केनेडी आणि मिट्लर या दोन संशोधकांनी जेवत असलेल्या माव्याची सोंड मध्येच कापली. मावा बाजूला केला, तरी कापलेल्या सुईच्या टोकातून झाडाचा रस ठिबकतच राहिला.

या रसात साखर भरपूर आणि शरीर वाढवणारी नत्रयुक्त द्रव्ये थोडी. ती थोडी द्रव्ये मिळवण्यासाठी माव्याला खूप रस प्यावा लागतो आणि उरलेली साखर तो गोड थेंबांच्या रूपाने मागे टाकून देतो. शेतकरी त्याला चिकटा म्हणतो. या चिकट्यावर मुंग्या येतात. पुढे त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखे दिसते. हा चिकटा लक्षात ठेवा. आजच्या बोलण्यात त्याचे महत्त्व मोठे आहे. मावा चिकटा टाकतो आहे याचा अर्थ तो जेवतो आहे.

आता विषाकडे वळू. रासायनिक कारखाने येण्याच्या आधीपासून लोक माव्यावर तंबाखूचा काढा शिंपडत. तंबाखूतले निकोटिन किडीच्या मज्जातंतूंना बाधते. पण काढा जिथे पडला तिथेच काम करी आणि मावा तर पानाखाली, वळलेल्या शेंड्यात दडून बसलेला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत गेरहार्ड श्राडर या रसायनशास्त्रज्ञाने अशी फॉस्फरसयुक्त द्रव्ये शोधली, जी झाड स्वतःच शोषून घेते आणि अंगभर खेळवते. झाडाला त्याचे फारसे काही होत नाही. त्याचा रस पिणाऱ्याला मात्र होते. मराठीत यांना आंतरप्रवाही कीटकनाशके असे चपखल नाव आहे. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसलेले ‘रोगर’ म्हणजे डायमिथोएट त्यातलेच. मुळाशी टाकायचे ‘थिमेट’चे दाणे म्हणजे फोरेट, तेही त्यातलेच. फोरेट आणि फॉस्फामिडॉन यांच्यासह अनेक विषांवर केंद्र सरकारने २०१८ मध्ये बंदीचा आदेश काढला आणि या दोन्हींचा वापर २०२० च्या अखेरीस थांबवायला सांगितला.

पुढचा मोठा टप्पा जपानमध्ये आला. १९८५ मध्ये शिंझो कागाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमिडाक्लोप्रिड तयार केले आणि १९९१ पासून ते बाजारात आले. या गटाला निओनिकोटिनॉइड म्हणतात, म्हणजे नव्या धर्तीचे निकोटिन. निकोटिन किडीच्या मज्जातंतूत ज्या जागी जाऊन बसते, त्याच जागी हेही बसते. म्हणजे टपरीवरचा मावा आणि पानावरचा मावा यांची गाठ प्रयोगशाळेत पुन्हा पडली. आज हे द्रव्य बियाण्याला चोळतात, पिकावर फवारतात आणि द्राक्षबागेत पिठ्या ढेकणासाठी वेलीच्या बुंध्याशी ओततातही. पिठ्या ढेकूण म्हणजे माव्याचाच एक भाऊबंद. तोही रस पितो आणि तोही चिकटा टाकतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. इमिडाक्लोप्रिड झाडात मुख्यतः पाण्याच्या वाटेने, म्हणजे जलवाहिनीतून, खालून वर जाते. मुळाशी दिले तर पानापर्यंत चढते. पानावर फवारले तर त्याच पानात टोकाकडे सरकते, पण त्या पानातून खालच्या पानांत फारसे उतरत नाही. शिवाय झाड वाढत राहते आणि दिवसागणिक ते विरळ होत जाते. म्हणजे एकाच झाडावर एका पानात ते जास्त असते, दुसऱ्यात कमी आणि तिसऱ्यात नावापुरते. माव्याला मिळणारी मात्रा तो कुठे बसला आहे यावर ठरते.

मात्रा भरपूर असेल तर काय होते, ते सरळ आहे. मज्जातंतू सतत उद्दीपित होतात, मावा थरथरतो, पाय ताब्यात राहत नाहीत, गळून पडतो आणि मरतो. मात्रा कमी असेल तेव्हाची गोष्ट निराळी आहे. जर्मनीतले कीटकशास्त्रज्ञ राल्फ नाउएन यांनी १९९५ मध्ये यावर एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. इमिडाक्लोप्रिडची अगदी थोडी मात्रा शोषलेल्या पानांवर मावा सोडला. तो लगेच मेला नाही. त्याने जेवण सोडले. चिकट्याचे थेंब एकदम घटले. मावा अस्वस्थ होऊन पानावर भटकू लागला, पान सोडून जाऊ लागला आणि अखेर उपासमारीने मेला. याच माव्याला वेळेत स्वच्छ पानावर ठेवले तर तो पुन्हा जेवू लागे आणि सावरे. म्हणजे त्या थोड्या मात्रेने त्याचा जीव थेट घेतला नव्हता. तिने त्याला ताटावरून उठवले होते.

मावा जेवतो आहे की नाही हे शास्त्रज्ञांना कळते कसे? एक मार्ग साधा आहे. पानाखाली कागद ठेवायचा आणि पडलेले थेंब मोजायचे. दुसरा मार्ग थक्क करणारा आहे. १९६४ मध्ये मॅक्लीन आणि किन्सी या अमेरिकी संशोधकांनी तो शोधला. माव्याच्या पाठीवर बारीक तार चिकटवायची आणि मावा व झाड मिळून विजेचे एक मंडल पुरे करायचे. माव्याने सोंड खुपसली की प्रवाह सुरू होतो. तो चव घेतो आहे, लाळ सोडतो आहे, पाणी पितो आहे की रस पितो आहे, हे त्या आलेखाच्या रेषेवरून ओळखता येते. केसाएवढ्या तारेने बांधलेल्या या इवल्या जिवाने जेवताना केलेला प्रत्येक विचार कागदावर उमटावा, हे मला आजही अद्भुत वाटते.

आता काही नवी औषधे अशी आहेत, की त्यांचे मुख्य कामच जेवण बंद करणे हे आहे. फ्लोनिकामाइड हे त्यातले एक, आपल्याकडे कापसावर वापरले जाणारे. ते पोटात गेल्यावर थोड्याच वेळात मावा खाणे थांबवतो. पण मरायला त्याला दोन-तीन दिवस लागतात, कधी त्याहूनही अधिक. तोवर तो पानावर बसलेलाच दिसतो. पायही हलवतो. पाहणाऱ्याला वाटते, औषध लागू पडले नाही.

याचा अनुभव मी निफाड तालुक्यात माझ्या मावसभावाच्या शेतावर घेतला. फेब्रुवारी महिना होता. अर्ध्या एकरात भेंडी उभी होती. भाईंनी आदल्या दिवशी सकाळी आंतरप्रवाही औषध फवारले होते. आम्ही ओळीतून चालत होतो. त्यांनी एक पान उलटे केले. मावा जागच्या जागी.

“पाहिलंस? काही झालं नाही याला,” भाई म्हणाले. “दुकानदाराला फोन केला होता. तो म्हणाला, दुसरं जालीम देतो, आजच हात मारून घ्या.”

पाठीवरचा पंप भरायला काढलेलाच होता. तेवढ्यात भाभी बांधावरून आल्या. हातावर जुने मोजे चढवलेले, कारण भेंडीची लव बोटांना खाजवते. त्यांनी मोजा काढला, दोन-चार पानांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “अजी, काल तोडताना मोजे पानाला चिकटत होते. आज पान कोरडं आहे. मुंगळेही वर येत नाहीत. एक दिवस थांबा ना.”

भाई थांबले. मी मुक्कामाला होतो, म्हणून मलाही पाहता आले. दुसऱ्या दिवशी पानावरचा मावा निम्म्याहून कमी होता, आणि होता तो सुकल्यासारखा, कोंड्यासारखा झालेला. तिसऱ्या दिवशी पानावर फुंकर मारली तर उडून गेला. दुसरा फवारा टळला. औषधाचे पैसे वाचले, एक दिवसाची मजुरी वाचली. आणि भेंडी तर दिवसाआड तोडावी लागते. फवारा मारला असता तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस नव्याने मोजावे लागले असते. ते मोजले नसते तर ती भेंडी कोणाच्या तरी डब्यात गेली असती, कदाचित माझ्याच.

भाभींनी जे केले ते त्या जर्मन प्रयोगशाळेतल्या मोजणीपेक्षा वेगळे नव्हते. त्यांनी मावा मोजला नाही, त्याचे जेवण मोजले. भाजी तोडणाऱ्या बाईच्या बोटांना जे कळते, ते दुकानाच्या काउंटरवर कळत नाही. फवारणीचा निर्णय घेताना मात्र दुकानदाराला विचारले जाते आणि तोडणी करणारीला विचारले जात नाही.

इथे कोणी म्हणेल, की मग सारे सोपेच झाले. आंतरप्रवाही औषध द्यावे आणि वाट पाहावी. तसेही नाही. माव्याचे जेवण थांबते, पण त्याआधीची चव घेणे थांबेलच असे नाही. पपईचे उदाहरण घ्या. आपल्या नंदुरबार-जळगावकडे पपईच्या बागांवर रिंगस्पॉट नावाचा विषाणू येतो. पानांवर ठिपके, फळांवर वर्तुळे उमटतात आणि बाग जाते. हा विषाणू मावा पसरवतो. पण मावा पपईवर संसार थाटत नाही. वाऱ्यावर आलेला पंखवाला मावा पानावर उतरतो, सोंड टोचून पाहतो, चव आवडत नाही म्हणून उडून पुढच्या झाडावर जातो. त्या काही क्षणांच्या टोचणीतच विषाणू पोचता होतो. झाडात विष असले तरी ते लागू पडायला वेळ लागतो, आणि विषाणूला तेवढा वेळ लागत नाही. उलट औषधाने अस्वस्थ होऊन मावा जास्त भटकला, तर तो जास्त झाडांना टोचेल, ही भीतीही अभ्यासकांनी बोलून दाखवली आहे. ज्या रोगांचे विषाणू पसरायला माव्याला रसवाहिनीत तासन् तास जेवावे लागते, जसा बटाट्याचा पान गुंडाळणारा रोग, तिथे आंतरप्रवाही औषध चांगले काम करते. म्हणजे एकच औषध एका रोगाला अडवते आणि दुसऱ्यापुढे हतबल ठरते, आणि त्याचे कारण माव्याच्या वागण्यात आहे.

दुसरी अडचण सवयीची. तेच औषध पुन:पुन्हा मारले की त्यातून वाचलेल्या माद्यांच्या मुली शेत भरून टाकतात. दक्षिण फ्रान्समधल्या पीचच्या बागांत २००९ मध्ये असा मावा सापडला, की ज्याच्या मज्जातंतूतल्या त्या निकोटिनच्या जागेवर एकच अमिनो आम्ल बदललेले होते. तेवढ्याने निओनिकोटिनॉइड त्याला पुरेसे चिकटेना. कमी मात्रेचा आणखी एक धोका प्रयोगांत दिसला आहे. विष फारच थोडे असेल तर काही वेळा माव्याची पिल्ले कमी होण्याऐवजी वाढतात. म्हणून ‘थोडे थोडे मारत राहू’ हा मार्गही खरा नाही.

पण विष पचवणाऱ्या माव्यालाही त्याची किंमत मोजावी लागते, असे दिसते. माव्याच्या पाठीवर मागच्या बाजूला दोन नळ्या असतात. ढालकिड्याने म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याने त्याला पकडले, की त्या नळ्यांतून तो एक वास सोडतो. तो वास आला की आजूबाजूचे मावे जेवण सोडून पळतात किंवा पानावरून खाली उडी टाकतात. ही त्यांची ‘पळा पळा’ अशी हाक. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले, की जुन्या कीटकनाशकांना दाद न देणारे काही मावे या हाकेलाही नीट दाद देत नाहीत. मज्जातंतूतल्या ज्या बदलाने विषाची बाधा टळते, त्याच बदलाने इशाऱ्याची जाणीवही बोथट होत असावी, आणि त्यामुळे असे मावे शत्रूच्या तावडीत सहज सापडत असावेत, असे त्यांनी म्हटले.

या गोष्टीचा अर्थ शेतासाठी फार मोठा आहे. जो मावा आपल्या औषधाने मरत नाही, त्याला ढालकिडा खाऊ शकतो, आणि कदाचित इतरांपेक्षा सहज खाऊ शकतो. पण त्यासाठी शेतात ढालकिडा जिवंत हवा. क्रायसोपाची अळी हवी, सिरफिड माशी हवी, माव्याच्या पोटात अंडी घालणाऱ्या त्या बारीक गांधीलमाश्या हव्यात. आणि आपण घाईने दुसरा, तिसरा फवारा मारतो तेव्हा आधी हेच मरतात. मावा आठवड्यात पुन्हा उभा राहतो. ढालकिड्याला नवी पिढी उभी करायला त्याहून जास्त दिवस लागतात.

आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत असते, म्हणून ते या मित्रकिडींना बाधत नाही, असे बरीच वर्षे मानले जात होते. २०१९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी लिंबूवर्गीय झाडांवर प्रयोग करून वेगळेच दाखवले. निओनिकोटिनॉइड दिलेल्या झाडांवरच्या पिठ्या ढेकणांनी जो चिकटा टाकला, त्यात ते विष उतरले होते. तो चिकटा खाऊन सिरफिड माश्या आणि परोपजीवी गांधीलमाश्या मेल्या. चिकटा हे रानातल्या कितीतरी जिवांचे अन्न आहे. कुरआनात आणि बायबलात वाळवंटात उतरलेल्या ‘मन्न’ या अन्नाचा उल्लेख आहे. सिनाईच्या वाळवंटातल्या झाऊच्या झाडांवर खवले किडी जो गोड स्राव टाकतात, तोच हा मन्न असावा, असे मत काही कीटकशास्त्रज्ञांनी मांडले आहे. ते खरे असो वा नसो, किडीने टाकलेल्या गोडाकडे माणसांनी कधीकाळी देणगी म्हणून पाहिले, एवढे तरी त्यातून दिसते. त्या गोडात आज आपण काय मिसळतो आहोत, याचा विचार व्हायला हवा. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइडचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे ती वापरात आहेत. म्हणून निदान पीक फुलावर असताना आणि मधमाश्या फिरत असताना ती फवारू नयेत, हा सल्ला तरी आपण पाळायला हवा.

मित्रकिडींवर भरवसा ठेवणे म्हणजे हवेतल्या गप्पा नव्हेत. महाराष्ट्राने हे मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. २००२ मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा उतरला. पानाच्या खाली कापूस चिकटवल्यासारखे पांढरे थर, आणि खालची पाने काळी. बघता बघता तो पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पसरला. औषधे सुचवली गेली, फवारण्या झाल्या. पण पुरुषभर उंचीच्या उसात माणूस शिरणार कसा आणि फवारणार कसा? तेव्हा कामाला आली ती डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा कीटक. हे दोघेही लोकरी माव्यावर जगतात. जिथे ते होते तिथली पाने आणून दुसऱ्या शेतात सोडली गेली. ईशान्य भारतातून एन्कार्शिया ही परोपजीवी गांधीलमाशीही आणली गेली. या मित्रकिडी स्थिरावल्या आणि लोकरी माव्याचा जोर ओसरला. ते काम होण्यासाठी एक अट होती. मित्रकिडी आलेल्या शेतात विष फवारायचे नाही. ज्यांनी ती पाळली त्यांनी संयम दाखवला. डोळ्यांसमोर पांढरा थर दिसत असताना हात आवरणे सोपे नसते.

नाशिकच्या शेतकऱ्याला हा संयम येत नाही असे कोणी म्हणू नये. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत वाढ रोखणाऱ्या एका रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपने माल नाकारला. केवढा हाहाकार झाला, ते अनेकांना आठवत असेल. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षाचा बागाईतदार कोणते औषध कधी मारले याची वही ठेवतो, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते मोजतो, नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतो. युरोपातल्या अनोळखी माणसाच्या ताटासाठी आपण हे शिकलो. माझे म्हणणे एवढेच आहे, की तीच वही भेंडीसाठी, वांग्यासाठी, कोबीसाठीही असावी. नाशिकच्या बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे ताटही त्याच मोलाचे आहे.

आणि फवारणाऱ्याच्या जिवाचेही मोल आहे. आपण या विषाला ‘औषध’ म्हणतो. शब्द मायेचा आहे, पिकाला आजारी लेकरू समजणारा. पण गावाकडे ‘त्याने औषध घेतले’ या वाक्याचा दुसरा, काळीज फाडणारा अर्थही सर्वांना ठाऊक आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. त्यातली बरीच दुसऱ्याच्या शेतावर राबणारी होती. प्रत्येक टाळलेली फवारणी म्हणजे कोणाच्या तरी पाठीवरून एकदा उतरलेला पंप असतो.

तेव्हा शेतकरी श्रोत्यांना माझी विनंती साधी आहे. फवारणीआधी पानाखाली पाहा. मावा किती आहे ते पाहा आणि त्याला खाणारे किती आहेत तेही पाहा. फुगून तपकिरी, सोनेरी झालेला मावा दिसला तर समजा, त्याच्या पोटात गांधीलमाशीचे पिल्लू वाढते आहे आणि मदत शेतात आधीच पोचली आहे. औषध घ्यायचेच असेल तर ते त्या पिकासाठी मान्य आहे का आणि किती दिवस थांबायचे आहे, हे डब्यावर वाचून घ्या. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हातमोजे आणि तोंडाला फडके असल्याशिवाय पंप उचलू नका. आणि फवारल्यानंतर दुसऱ्या दिवशी मावा पानावर दिसला म्हणून घाबरू नका. पानावरून बोट फिरवा. ताजा चिकटा लागतो आहे का? मुंग्या वर चढताहेत का? शेंडा पुन्हा तजेला धरतो आहे का? मावा जेवत नसेल तर तुमचे काम झालेले आहे. त्याला मरायला दोन-तीन दिवस द्या. त्यानंतरही चिकटा चालू असेल, तर सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारा. तेच औषध दामदुप्पट करून मारू नका.

आणि शहरातल्या श्रोत्यांना एवढेच सांगेन. कोबीच्या गड्ड्यात किंवा भेंडीच्या देठाशी एखादा मावा दिसला, तर भाजीवाल्या मावशींना नावे ठेवू नका. धुऊन टाका. आपल्याला डागही नसलेली, किडीचा पायही न लागलेली भाजी हवी असते, आणि त्या हट्टापायी शेतावर एक फवारा वाढतो. घरी पाच मिनिटे जास्त लागली आणि शेतावर एक फवारा कमी झाला, तर त्यात आपल्या सगळ्यांचाच फायदा आहे.